मामा विकले गेले नव्हते

गिरणीतल्या दिवसांविषयी मी भरपूर बोलत आलो. पाळ्या, कॅन्टीनचा चहा, साचाखात्यातला कानठळ्या बसवणारा आवाज, घरच्यांना हे सगळं पाठ झालं असेल. एक गोष्ट मात्र मी कायम टाळली. बोलणं तिकडे वळतंय असं दिसलं की मी उठून पाणी प्यायला आत जायचो. असं करता करता पन्नास वर्षं गेली.

गेल्या वर्षी जुन्या गिरणी कामगारांचा मेळावा झाला. पंगतीत माझ्या समोर एक जण बसला होता. त्या काळी तो आमच्याकडे बदली कामगार होता, म्हणजे कायम माणूस गैरहजर असेल त्या दिवशी काम मिळणारा. जेवता जेवता तो म्हणाला, "चार साचे कुणामुळं आले सांगू का? त्या मामामुळं. साहेबाच्या खुर्चीत बसला आन् विकला गेला गडी."

"व्हय की, विकलाच गेला," शेजारचे म्हणाले.

मग तो माझ्याकडे वळला. "तुमी होता की तवा, मास्तर. खोटं बोलतोय का मी?"

मी मठ्ठ्याचा पेला तोंडाला लावला आणि सावकाश सगळा संपवला. तोवर विषय बदलला होता. मी गप्प राहिलो याचा अर्थ सगळ्यांनी हो असाच घेतला असणार.

मामा विकले गेले नव्हते. त्यांना फसवलं होतं, आणि फसवणारा मी होतो. हे माहीत असलेली तीन माणसं होती. दोघं आता नाहीत.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी मंद्रूपचा, शेतकऱ्याच्या घरातला. विणकामाचा डिप्लोमा करून सोलापुरातल्या एका गिरणीत साचाखात्यात सुपरवायझर म्हणून लागलो होतो. साचा म्हणजे कापड विणणारा माग. कामगार मला मास्तर म्हणायचे आणि माझ्या वरच्या विव्हिंग मास्तरांना मोठे मास्तर. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं मी त्यासाठी केलं.

तेव्हा एक विणकर दोन साचे चालवायचा. मालकांना चार हवे होते. पाडव्यापर्यंत झालं पाहिजे, एवढंच त्यांनी मोठ्या मास्तरांना सांगितलं. चार साचे म्हणजे निम्म्या विणकरांचं काम जाणार आणि बदलीवाल्यांनी फाटकाशी येऊन उभं राहण्यातही अर्थ उरणार नाही, हे खात्यात झाडू मारणाऱ्यालाही कळत होतं. आधी एकदा तसा प्रयत्न झाला तेव्हा विणकरांनी साचे बंद ठेवले होते.

मोठे मास्तर कधी आवाज चढवायचे नाहीत. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "सभा घ्यायची नाही. सभेत माणूस आपल्याकडे बघत नाही, शेजारच्याकडे बघतो. एकच माणूस धरायचा. कोणता, ते तू सांग. तू दिवसभर त्यांच्यात असतोस."

मी क्षणभरही विचार केला नाही. "मामा," म्हणालो.

मामा सोलापूरच्या पूर्व भागातले तेलुगू विणकर. पन्नाशी ओलांडलेली, अंगकाठी बारीक, कानात दोन्हीकडे कापसाचे बोळे. आजोबांपासून घरात माग. मराठी वाचता यायचं नाही, पण अक्कलकोटकडच्या कामगारांशी कानडीत, आपल्या माणसांशी तेलुगूत आणि आम्हा लोकांशी सोलापुरी मराठीत सारख्याच ठसक्यात बोलायचे. कुणाचं भांडण असो, कुणाची सोयरीक असो, खात्यात नवीन काही निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "मामा काय म्हणतोय?" मामांनी कधी कुणाकडून चहाही फुकट घेतला नव्हता. युनियनचे पुढारी फाटकावर तासभर भाषण करायचे आणि त्यानंतर विणकर मामांच्या तोंडाकडे बघायचे.

"मग त्यांना पटवायचं कसं?" मी विचारलं.

"पटवायचं नाही," मोठे मास्तर म्हणाले. "विचारायचं."

दुसऱ्या दिवशी मामांना बोलावलं. केबिनला खात्याच्या बाजूने काच होती. कामगार आत आला की उभा राहायचा, अशी रीत होती. मोठ्या मास्तरांनी स्वतःची खुर्ची काचेजवळ सरकवली आणि मामांना तिच्यावर बसवलं. स्वतः उभे राहिले. चहा आला तो कपबशीतून. मामा खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते, बशीतला चहा सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून. बाहेरून साठ-सत्तर डोळे बघत होते. खुर्ची काचेजवळच का, हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही. पुढे आलं.

"मामा, चार साचे जमतील का?"

"न्हाई जमत, साहेब. इकडं तार तुटली, तिकडं कांडी संपली, कुठं कुठं पळू? पाय दोनच हायत की मला."

मोठे मास्तर मनापासून हसले. "मलाही तसंच वाटतं. पण मी वर सांगितलं तर मालक म्हणणार, तुला काय कळतं, तू काय विणकर आहेस? म्हणून तुम्ही करून दाखवा. महिनाभर चार साचे चालवा. जमलं नाही की मी लिहून देतो, सोलापुरातल्या सगळ्यात चांगल्या विणकराला जमलं नाही. मग हा विषय कायमचा मिटला."

मामांनी बशी खाली ठेवली. "आन् जमलं तर?"

"तर तसं सांगा. जे खरं असेल ते सांगा. तुमच्याकडून मला दुसरं काही नको."

मामा बाहेर गेले आणि पाण्याच्या टाकीपाशी सगळ्यांना म्हणाले, "जमत न्हाई म्हणून दाखवून देतो. महिनाभर सोसा. मग पुन्हा कुणी नाव काढणार न्हाई." माणसं खूश झाली. मामांनी डाव टाकलाय, असं त्यांना वाटलं.

इकडे केबिनमध्ये मोठे मास्तर खुर्ची जागेवर नेत मला म्हणाले, "त्यांच्या साच्यांवर कोणते बीम चढतात ते तू बघ." याहून एक शब्दही ते जास्त बोलले नाहीत. त्यांना बोलावं लागलं नाही, यातच माझं काय ते आलं.

साच्यामागे एक मोठा रूळ असतो. त्यावर उभं सूत, म्हणजे ताणा, गुंडाळलेलं असतं. त्याला बीम म्हणायचं. सूत कच्चं असेल किंवा त्याला कांजी नीट बसली नसेल तर तार सारखी तुटते, आणि प्रत्येक वेळी साचा थांबवून गाठ मारावी लागते. दुष्काळानंतर कापूसच वाईट येत होता. खात्यातले सगळे विणकर गाठी मारून मारून वैतागले होते. पण परदेशी जाणाऱ्या मालासाठी चांगलं सूत वेगळं ठेवलेलं असायचं. दिसायला दोन्ही सारखीच. मी कांजीखात्यात गेलो, त्या सुताचे बीम काढायला लावले आणि त्यांच्यावर खडूने फुली मारली. बीम चढवणाऱ्या मुकादमाला सांगितलं, फुलीचे तेवढे मामांच्या साच्यांवर, आणि चढवल्यावर फुली पुसायची. त्याने माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाला. तो तिसरा माणूस.

महिनाभर त्या चार साच्यांवर साधा बीम एकदाही चढला नाही.

मामा पहिले दोन दिवस धावत होते. मग त्यांची चाल संथ झाली. चार साच्यांमधून ते असे फिरायचे की बघत राहावं. आडव्या सुताची कांडी संपली की धोटा बदलायचा, कापडावरून हात फिरवायचा, पुढे जायचं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. त्या आवाजात कानाशी तोंड नेऊनच बोलावं लागायचं.

"मास्तर, ताणा लई गोड आलाय की. ह्यो आपला नेहमीचाच?"

एवढ्या अनुभवाच्या बोटांना फरक कळणारच होता. मला याची भीती होतीच आणि उत्तरही तयार होतं.

"नेहमीचाच आहे, मामा. गोड तुमचा हात आहे."

ते लाजले. खरंच लाजले. तीस वर्षांत गिरणीतल्या कुणा साहेबाने त्यांना असं म्हटलं नसेल. मान खाली घालून त्यांनी उगाचच एक गाठ तपासली. माणसाला पटवायचं म्हणजे त्याच्यापुढे बोलत बसायचं, असा माझा तोवर समज होता. त्या दिवशी मला कळलं, की त्याला स्वतःविषयी जे ऐकायचं असतं ते एकदाच हळू आवाजात सांगितलं की पुरतं.

महिना संपला. पाळी बदलताना सगळे टाकीपाशी जमले. मोठे मास्तर तिकडे फिरकलेही नाहीत. मी खांबाशी उभा होतो. एक तरुण विणकर होता, जिभेचा तिखट. तो पुढे झाला. "सांग मामा, जमत न्हाय म्हणून सांग. तू नुसतं सांग, साचे बंद ठेवायला आमी तयार हाय."

मामांनी कानातले बोळे काढून मुठीत धरले होते.

"आरं बोल की!"

"जमतंय," मामा म्हणाले.

"काय?"

"जमतंय रे. खोटं कसं बोलू मी? माझ्या ह्या हातांनी केलंय."

"तुझ्या हातांनी जमंल मामा. आमचं काय?"

"मी म्हातारा झालो. मला जमतंय तर तुला का जमणार न्हाई? तुझी नजर चांगली, पाय चांगले."

मागून एक जण तेलुगूत काहीतरी पुटपुटला, मामांनी त्याला तेलुगूत उत्तर दिलं. मला त्यातलं कळलं नाही, पण मामांचा आवाज फाटला होता. जमत नाही म्हणायला गेलेला माणूस जमतंय म्हणून परत आला होता, आणि त्याला स्वतःलाही ते आवडलेलं नव्हतं. तरी तो खरं बोलला. मोठ्या मास्तरांचा सगळा भरवसा मामांच्या या खरेपणावर होता. लबाड माणूस असता तर डाव फसला असता.

पुढच्याच आठवड्यात युनियनने हात वर करून मत घेतलं. 'जमत नाही' एवढं एकच म्हणणं त्यांच्याकडे होतं, आणि तेच मामांच्या तोंडून खोटं पडलं होतं. हात सावकाश वर गेले, पण गेले. संध्याकाळी मोठे मास्तर मला म्हणाले, "बघितलंस? मी एक शब्द बोललो नाही." पाडव्याच्या आत खात्यात चार साचे सुरू झाले. मला कायम केल्याचं पत्र त्याच सुमारास आलं. वडिलांनी गावात पेढे वाटले.

मग उन्हाळा लागला. सोलापूरचा उन्हाळा सुताचा शत्रू. हवा कोरडी पडली की तार आणखी तुटते. सगळ्यांच्या साच्यांवर साधे बीम होते, आणि आता मामांच्याही. माणसं चार साच्यांमध्ये वेड्यासारखी धावू लागली. जेवायला बसलेला माणूस घास टाकून उठायचा. कापडात जागोजागी दोष यायला लागले. निम्म्या विणकरांना घरी बसवलं होतं, बदलीवाले फाटकाशी यायचे बंद झाले. कुणी विड्यांच्या कारखान्यात गेलं, कुणी करमाळ्याला, माळशिरसला आपल्या गावी परतलं.

तेव्हा माणसांना खुर्ची आठवली. सगळ्यांनी ती काचेतून बघितली होती. "मामा, आज खुर्चीत न्हाय बसला व्हय?" "कपबशीतला चहा लई महाग पडला की रे आमाला!" जिभेचा तिखट तो तरुण तर मामा जवळून गेले की झाडू घेऊन स्टूल झटकायचा आणि म्हणायचा, "बसा साहेब." मामा हसायचे नाहीत, चिडायचेही नाहीत. राग वर जाण्याऐवजी मामांवर उतरत होता. खुर्ची काचेजवळ कशासाठी ठेवली होती हे मला आता समजलं. मी खात्यातून फिरत होतो, आणि मला कुणी काही म्हणत नव्हतं.

जे कुणाला दिसत नव्हतं ते मला दिसत होतं. मामांना चार साचे झेपत नव्हते. इतरांइतक्याच त्यांच्या तारा तुटत होत्या. पण इतरांना ठाऊक होतं की काम अशक्य आहे. मामांना वाटत होतं की काम शक्य आहे, त्यांनीच केलेलं आहे, आणि आता फक्त त्यांनाच येईनासं झालंय.

एकदा त्यांचं कापड तपासणीच्या टेबलावर आलं. भोकं, सुटलेल्या तारा. टेबलाशी आम्ही दोघेच होतो. मामांनी आपले हात पालथे केले, उताणे केले, माझ्यापुढे धरले.

"हात गेला माझा, मास्तर. महिनाभर कसा चालला, आन् आता बघा. काय झालं असंल?"

एवढी सोपी संधी मला आयुष्यात पुन्हा मिळाली नाही. त्यांनी स्वतः विचारलं होतं. मोठे मास्तर त्या दिवशी गिरणीत नव्हतेही.

मी म्हणालो, "वय झालं, मामा."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं. मी सांगितलेलं त्यांना नेहमी पटायचं.

खंडेनवमीला आमच्या खात्यात साच्यांची पूजा व्हायची. साचे धुऊन पुसून हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि सगळ्यात जुन्या विणकराने पहिला नारळ फोडायचा. त्याचा आवाज झाल्याशिवाय दुसरं कुणी फोडायचं नाही. कितीतरी वर्षं तो मान मामांचा होता. त्या वर्षी मामा धुतलेलं धोतर नेसून, नारळ घेऊन आपल्या साच्यापाशी उभे होते. तेवढ्यात पलीकडच्या ओळीतून नारळ फुटल्याचा आवाज आला. मग दुसरा, मग तिसरा, मग सगळ्या खात्यात एकदमच. मामांच्या हातात नारळ तसाच राहिला. तो त्यांनी पिशवीत ठेवला आणि साच्याला नमस्कार करून निघून गेले. दिवाळीच्या आधी त्यांनी राजीनामा दिला. अंगठा उमटवताना शाईचा डबा मीच धरला होता.

त्यानंतर मी सांगायचं ठरवलं. फुशारकी मारत नाही. झोप उडाली होती म्हणून ठरवलं. एका रविवारी सकाळी पूर्व भागात त्यांच्या घरी चालत गेलो. काय बोलायचं ते वाटेत चार वेळा घोकलं. उंबऱ्यात त्यांची बायको सुपात पानं-तंबाखू घेऊन विड्या वळत होती. तिने सूप बाजूला ओढलं आणि आत तेलुगूत हाक दिली. मामा आतल्या खोलीत चरख्यावर शेजारच्या मागासाठी कांड्या भरत होते. हे काम घरातल्या बायका करतात, किंवा ज्यांना दुसरं काही होत नाही ती माणसं. मला बघून ते धडपडत उठले आणि सतरंजी अंथरली.

मी तोंड उघडणार तोच ते म्हणाले, "बरं झालं आलात. मीच येणार होतो. हे बोलायचं होतं."

"काय, मामा?"

"तुमी साहेबापुढं माझं नाव घेतलं. ह्यो करंल म्हणून सांगितलं. मी महिनाभर केलं आन् मग हातानं दगा दिला. सगळं खातं माझ्या शब्दावर बसलं, त्यांचं वाटोळं झालं. आन् तुमालाबी बोलणी बसली असणार माझ्यापायी." त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "माफ करा, मास्तर."

उंबऱ्यात बायकोचे हात थांबले होते. ती माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "असू द्या, मामा."

मी त्यांना माफ केलं. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. त्यांनी मागितलेली माफी मी घेतली, त्यांच्या घरचा चहा प्यायलो आणि बाहेर पडलो. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर पाय थांबले. वळून बघितलं, तर ते अजून दारातच उभे होते. मी परत फिरलो नाही.

पुढे मी वर चढत गेलो. माणसांकडून काम करून घ्यायची याला कला आहे, असं माझ्याविषयी बोललं जायचं. मी नव्या सुपरवायझरांना शिकवलंही, की हुकूम देऊ नका, विचारा. एकच माणूस धरा. त्याला बसवा, तुम्ही उभे राहा. ती पोरं वहीत लिहून घ्यायची. मामा मला त्यानंतर दोनदा रस्त्यात दिसले आणि दोन्ही वेळा त्यांनीच आधी नमस्कार केला. ते गेल्याचं मला महिन्याभराने कळलं. त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की त्यांच्या हातांनी चार-पाचशे माणसांचा घात केला, आणि त्या माणसांना आजही वाटतं की मामांनी तो मुद्दाम केला. यातलं काहीच खरं नाही, हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं.

त्या रविवारी तोंडात घोळवलेलं ते वाक्य अजून मला जसंच्या तसं आठवतं. मामा, तुमचा हात गेलेला नव्हता, तो महिनाभर बीम मी बदलत होतो, तुम्ही मला माफ करा.